३०० मिलिलिटरची रेघ: ग्वाल्हेरच्या एका प्रसूतिगृहातील प्रकरण अभ्यास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका जुन्या मराठी धर्मादाय न्यासाचे छोटे प्रसूतिगृह आहे. दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, आळीपाळीने पाळी सांभाळणाऱ्या सिस्टर, अनुभवी आया, एक शस्त्रक्रियागृह आणि औषधांसाठी एक फ्रिज, एवढाच त्याचा पसारा. भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, रक्तपेढी संस्थेत नाही आणि रात्री डॉक्टर घरी असतात. बाळंतपणासाठी येणाऱ्यांमध्ये लष्कर भागातल्या मराठी घरांच्या लेकीसुना असतात, तशाच मुरार आणि भिंड-मुरैनाकडच्या खेड्यांतून येणाऱ्या स्त्रियाही असतात. त्यांपैकी अनेकींच्या अंगात रक्त आधीच कमी असते.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिपश्चात रक्तस्रावाबाबत नव्या शिफारशी दिल्या. योनिमार्गे होणाऱ्या प्रत्येक बाळंतपणात रक्तस्राव प्रत्यक्ष मोजावा आणि तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास सर्व प्राथमिक उपचार एकाच वेळी सुरू करावेत, हा त्यांचा गाभा. त्या आपल्या प्रसूतिगृहात कशा आणाव्यात हे ठरवण्यासाठी न्यासाने एक छोटी समिती नेमली. तीत दोन्ही डॉक्टर, मेट्रन, रात्रपाळीच्या एक सिस्टर, एक विश्वस्त आणि पुरावा वाचून समितीपुढे मांडण्यासाठी मी, असे सहा जण होतो. त्या कामाचा हा वृत्तान्त आहे.

विषयाचे गांभीर्य कोणाला पटवून द्यावे लागले नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८–२० च्या आकडेवारीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ मातांचा मृत्यू होत होता, तर मध्य प्रदेशात १७३ मातांचा. या मृत्यूंच्या कारणांत रक्तस्राव अग्रभागी आहे, आणि तो बहुतेक वेळा टाळता येण्याजोगा असतो.

पहिला मसुदा समितीने एका बैठकीतच केला. गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे ऑक्सिटोसिन, गर्भाशयाचा मसाज, रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड आणि सलाइन या चारही गोष्टी आपल्याकडे आहेत, तेव्हा त्या जशाच्या तशा ठेवाव्यात, असे ठरले. मोजमापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा ड्रेप (बाळंतिणीखाली पसरून रक्त गोळा करायची चादर) मात्र ‘स्थानिक परिस्थिती पाहता’ वगळावा, असे सुचवले गेले. तो प्रत्येक बाळंतिणीमागे नवा लागतो आणि त्याचा खर्च न्यासावर पडतो. शिवाय मेट्रन म्हणाल्या, “मॅडम, इतकी वर्षं आम्ही बाळंतपणं करतो. अंगावरून जास्त जातंय हे नजरेला कळतंच की.” त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्या बोलत होत्या ते पूर्ण जबाबदारीने. तरीही पुरावा वाचल्यावर मला त्या मसुद्याचा क्रम नेमका उलटा वाटला. जी गोष्ट आम्ही सोडायला निघालो होतो तिच्यावर त्या शिफारशीचा परिणाम टेकलेला होता, आणि जी गोष्ट ‘आपल्याकडे आहेच’ म्हणून चर्चेविना स्वीकारली होती तीच आमच्या इमारतीत सर्वांत डळमळीत होती.

मार्गदर्शिकांच्या अनुकूलनासाठी आज आखीव पद्धती उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये मांडलेल्या ‘ग्रेड-अ‍ॅडोलपमेंट’ पद्धतीत प्रत्येक शिफारस जशीच्या तशी घ्यायची, बदलून घ्यायची की नव्याने तयार करायची हे ठरवताना लाभ-हानी, पुराव्याची खात्री, लोकांची पसंती, साधनसामग्री, समन्याय, स्वीकारार्हता आणि व्यवहार्यता हे सारे तपासले जाते. सहा माणसांच्या समितीला ती संपूर्ण पद्धत पेलणारी नव्हती. म्हणून आम्ही प्रत्येक शिफारशीला दोनच प्रश्न विचारायचे ठरवले. ज्या चाचणीतून ही शिफारस आली, तिच्या रुग्णालयांत कोणत्या गोष्टी न सांगता गृहीत धरल्या होत्या? आणि त्यांपैकी आपल्याकडे काय नाही? ‘इथे जमेल का’ हा प्रश्न आधी विचारला की जे कठीण ते गळून पडते. हे दोन प्रश्न आधी विचारले की कठीण गोष्ट का कठीण आहे ते दिसते, आणि पुष्कळदा तिच्यावरचा उपायही सुचतो.

शिफारशींमागची मुख्य चाचणी ‘ई-मोटिव्ह’ या नावाने ओळखली जाते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत, २ लाखांहून अधिक बाळंतपणांवर ती झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र रक्तस्राव, रक्तस्रावामुळे पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के होते, तर नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्के. पण आमच्या कामाचे आकडे त्याच्या पुढचे होते. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचाच, म्हणजे ५१ टक्क्यांचा, रक्तस्राव वेळीच ओळखला गेला होता. खुणांचा ड्रेप वापरल्यावर हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. ऑक्सिटोसिन आणि सलाइन दोन्हीकडच्या परिचारिकांच्या ओळखीचीच होती. एका बाजूला ती वेळेवर दिली गेली, कारण समोर ३०० आणि ५०० मिलिलिटरच्या रेघा दिसत होत्या.

नजरेच्या अंदाजाबद्दलचा पुरावा तर आफ्रिकेतून आणावा लागत नाही. तो बेळगावचा आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी मोजमापाचा ड्रेप विकसित करण्यात वाटा उचलला आणि २००६ मध्ये दाखवून दिले, की डोळ्यांनी केलेला अंदाज ड्रेपवरच्या मोजणीपेक्षा सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरतो. त्याच सुमारास बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत, १,६२० स्त्रियांवरील चाचणीत, सहायक परिचारिकांनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आणले. मी हे मेट्रनबाईंपुढे ठेवले तेव्हा त्यांनी तो निबंध मागून घेतला. आपल्यासारख्याच परिचारिकांनी, आपल्यासारख्याच खोल्यांत केलेल्या मोजणीला जे वजन असते, ते परदेशातल्या आकड्यांना येत नाही, आणि ते वजन मला रास्त वाटते. पुराव्याची थेट लागूता म्हणतात ती हीच.

एक आकडा मात्र ड्रेपच्या बाजूने बोलत नव्हता, आणि तो लपवणे योग्य नव्हते. २०१० मध्ये १३ युरोपीय देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत रक्त मोजणारी पिशवी वापरूनही तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण लक्षणीय घटले नव्हते. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या तर अर्थ लागतो: युरोपात नुसते मोजले गेले, ई-मोटिव्हमध्ये मोजणीला कृती जोडली गेली. रेघ ओलांडली की काय करायचे, कोणी करायचे आणि कोणाच्या परवानगीने, हे ठरलेले नसेल तर ड्रेप म्हणजे फक्त वाढीव खर्च.

त्यामुळे चर्चा परवानगीवर आली, आणि बैठकांतला सर्वाधिक वेळ तिथेच गेला. चाचणीत सुईणी आणि परिचारिका स्वतः उपचार सुरू करत होत्या. आमच्याकडे सिस्टर आधी डॉक्टरांना फोन करत, त्यांच्या तोंडी सूचनेची वाट पाहत आणि पुष्कळदा डॉक्टर येईपर्यंत फक्त मसाज आणि सलाइन चालू ठेवत. संध्याकाळी महाराज बाड्याच्या गर्दीतून गाडी काढणे म्हणजे काय, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडबाबत हा विलंब मोजता येतो. २०१७ च्या ‘वुमन’ चाचणीत, २१ देशांतील २०,०६० स्त्रियांमध्ये, ते बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत दिले तेव्हा रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. २०१८ मध्ये ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले, की उपचाराला होणाऱ्या प्रत्येक १५ मिनिटांच्या विलंबाने औषधाचा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटतो.

ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंचा आक्षेप गंभीर होता: शिरेतून द्यायचे औषध सिस्टरने स्वतःच्या जबाबदारीवर दिले आणि काही विपरीत घडले, तर उत्तर कोण देणार? या आक्षेपाला चाचण्यांत उत्तर नाही, कारण तो कायद्याचा आणि विश्वासाचा प्रश्न आहे. शेवटी दोन्ही डॉक्टरांच्या सहीचा कायम लेखी आदेश तयार झाला. रेघ ओलांडताच सिस्टरने आदेशाप्रमाणे उपचार सुरू करायचे आणि फोन त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने करायचा. सिस्टरच्या अंगावर जबाबदारी टाकायची आणि कागद मात्र डॉक्टरांच्या हातात ठेवायचा, असे होऊ नये यासाठी मी या कलमावर अडून बसले होते, आणि ते मान्य झाले याचे मला मनापासून समाधान आहे.

आदेशात मात्रा कशा लिहायच्या हा वरवर किरकोळ दिसणारा मुद्दा होता. मार्गदर्शिका ऑक्सिटोसिन १० युनिट आणि ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम म्हणते. आपल्या बाजारात ऑक्सिटोसिनची अँप्यूल (काचेची कुपी) बहुधा ५ युनिटची असते आणि ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडची ५०० मिलिग्रॅमची. रात्री तीन वाजता, रक्त वाहत असताना, ग्रॅमचे मिलिग्रॅम करायला कोणाला लावू नये. म्हणून तक्त्यावर दोन्ही औषधांपुढे ‘दोन अँप्यूल’ असे मोठ्या अक्षरांत हिंदीत छापले, कारण बहुतेक सिस्टर हिंदीभाषक आहेत. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडपुढे ‘दहा मिनिटांत, सावकाश’ हेही आले. खरेदीत वेगळ्या मात्रेची अँप्यूल आली तर तक्ता बदलल्याशिवाय ती ट्रेमध्ये ठेवायची नाही, असा नियम मेट्रननी स्वतः सुचवला.

आता ऑक्सिटोसिनकडे. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांपर्यंत चढतो. समितीने पाहणी केली तेव्हा दिसले, की दिवसभराच्या अँप्यूल सकाळीच लेबर रूमच्या ट्रेमध्ये मांडून ठेवल्या जातात, उरलेल्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरात येतात, आणि वीज गेली की फ्रिजही बंद पडतो. फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवल्यावर उन्हाळ्यातल्या दुपारी ८ अंशांची मर्यादा ओलांडली जात असल्याचे दिसले. शिवाय घाऊक विक्रेत्याकडून औषध येते ते दुचाकीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात. काही वेळ बाहेर राहिलेली अँप्यूल लगेच निकामी होत नाही. पण कारखान्यापासून ट्रेपर्यंत थंडावा पुन्हा पुन्हा तुटत राहिला तर आतले औषध किती शिल्लक आहे हे काचेकडे पाहून कळत नाही. गर्भाशय आकुंचन पावत नाही असे दिसले की दोष बाळंतिणीच्या अशक्तपणाला दिला जातो, औषधाकडे कोणी पाहत नाही.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि युएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) यांनी ऑक्सिटोसिन शीतसाखळीतच ठेवावे असे संयुक्त निवेदन काढले, ते याच काळजीतून. ऑक्सिटोसिनसारखेच काम करणाऱ्या, पण उष्णता सहन करणाऱ्या कार्बेटोसिनचा पर्याय २०१८ पासून पुढे आला आहे. भारतासह १० देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांवर झालेल्या ‘चॅम्पियन’ चाचणीत ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्तस्राव, अथवा आणखी औषध लागणे, याचे प्रमाण कार्बेटोसिनमध्ये १४.५ टक्के आणि ऑक्सिटोसिनमध्ये १४.४ टक्के होते. यातही एक गृहीत दडलेले आहे: त्या चाचणीतले ऑक्सिटोसिन काळजीपूर्वक थंड ठेवलेले होते. आमच्या मे महिन्यातल्या ऑक्सिटोसिनची त्याच्याशी बरोबरी धरता येत नाही, म्हणजे आमच्यासाठी कार्बेटोसिनचा फायदा कागदावरच्यापेक्षा जास्त असू शकतो. पण जागतिक शिफारशीत त्याला किमतीची अट आहे, आणि इतक्या छोट्या खरेदीदाराला ते नियमित मिळत राहील अशी हमी कोणी देईना. शिवाय ते प्रतिबंधासाठी आहे. रक्तस्राव सुरू झाल्यावर ऑक्सिटोसिन लागतेच.

मिसोप्रोस्टॉल स्वस्त आहे आणि त्याला फ्रिज लागत नाही, म्हणून विश्वस्तांचा कल तिकडे होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ देशांच्या चाचणीत मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांपैकी ४ टक्के आणि ऑक्सिटोसिन घेतलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांचा रक्तस्राव १ लिटर किंवा त्याहून अधिक झाला होता. शिवाय गोळ्यांनी थंडी वाजते आणि ताप चढतो. उन्हाळ्यात त्या तापाचे कारण शोधण्यात सगळ्यांची धांदल उडते. म्हणून मिसोप्रोस्टॉल राखीव औषध म्हणून आले, ऑक्सिटोसिनच्या जागी नव्हे. फ्रिज इन्व्हर्टरवर घेतला, ट्रेमध्ये एका वेळी एकाच बाळंतपणापुरत्या अँप्यूल ठेवायचे ठरले, आणि बर्फाच्या डब्यातून माल देणाऱ्या, ‘२ ते ८ अंश’ अशी छाप असलेलीच अँप्यूल पुरवणाऱ्या विक्रेत्याकडे खरेदी वळवली. या तिन्ही गोष्टींचा खर्च मिळूनही विश्वस्तांना वाटला होता त्यापेक्षा कमी आला. ड्रेपचा प्रश्न तो वापरून पाहिल्यावर सुटला: चादरी आणि गाद्या भिजायच्या कमी झाल्या, आयांचे धुण्याचे काम हलके झाले, आणि ड्रेपला सर्वांत आधी पाठिंबा मिळाला तो आयांकडून. पुरवठा खंडित झाल्यास साधे प्लास्टिक आणि मोजपात्र वापरायचे, भिजलेले पॅड वजनकाट्यावर ठेवायचे आणि १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर धरायचे, हा पर्यायही लिहून ठेवला.

रक्तक्षयाचा प्रश्न वेगळा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ज्या स्त्रीच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला ५०० मिलिलिटरही भारी पडते. म्हणून रक्तक्षय असलेल्या प्रत्येकीला बाळंतपणानंतर लगेच ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड द्यावे, असे धाकट्या डॉक्टरांनी सुचवले. ही कल्पना तर्काला पटणारी होती आणि आमच्या स्त्रियांसाठी बेतलेली वाटत होती. पण ती आधीच तपासून झाली आहे. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांतील मध्यम किंवा तीव्र रक्तक्षयाच्या १५ हजार स्त्रियांवरील ‘वुमन-२’ चाचणीत, २०२३ मध्ये, रक्तस्रावाचे प्रमाण औषधाच्या गटात ७.० टक्के आणि निष्क्रिय औषधाच्या गटात ६.६ टक्के निघाले. प्रतिबंधासाठी उपयोग नाही, उपचारासाठी आहे. धाकट्या डॉक्टरांनी सूचना तिथल्या तिथे मागे घेतली.

ई-मोटिव्हमधील रुग्णालयांत शस्त्रक्रियेची सोय होती आणि वर्षाला हजाराहून अधिक बाळंतपणे होत. आमचे प्रसूतिगृह त्यांच्यासारखे नाही. तिथे पहिल्या उपचारांनी रक्त थांबले नाही तर पुढची पायरी त्याच इमारतीत होती, आमच्याकडे ती शहरातल्या सरकारी कमलाराजा रुग्णालयात आहे. म्हणून १०८ ला फोन उपचार फसल्यावर नव्हे, तर उपचार सुरू करतानाच करायचा आणि रक्त थांबले तर गाडी परत पाठवायची, असे ठरले. याला चाचणीचा आधार नाही. तो समितीचा विचारपूर्वक निर्णय आहे आणि मसुद्यात तसाच नोंदवला आहे. ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंचा कंडोम-बलूनवर (गर्भाशयात फुगवून आतून दाब देणाऱ्या कंडोमवर) भरवसा होता आणि त्यांनी त्याने जीव वाचवलेले होते. मात्र युगांडा, इजिप्त आणि सेनेगलमध्ये झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो वापरात आणल्यावर शस्त्रक्रिया किंवा मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले दिसले होते. त्यात इतरही कारणे गुंतलेली असू शकतात. तरी रक्त आणि शस्त्रक्रिया हाताशी असेल तिथेच तो वापरावा ही २०२१ ची जागतिक शिफारस आमच्यासारख्या जागेला स्पष्ट लागू होते. बराच विचार करून बाईंनी तो सिस्टरांच्या तक्त्यातून काढायला संमती दिली, आणि डॉक्टर स्वतः हजर असतील तरच, गाडीची वाट पाहताना, तो वापरायचा असे लिहिले.

प्रत्येक कलमापुढे ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि कोणते आमच्या तर्कावर, हे आम्ही लिहून ठेवत होतो. त्याचा उपयोग ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. जागतिक आरोग्य संघटनेने, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि सुईणींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांसोबत, नवी एकत्रित मार्गदर्शिका दिली आणि उपचाराची मर्यादाच बदलली: ५०० मिलिलिटर, किंवा ३०० मिलिलिटर आणि सोबत नाडी वा रक्तदाबातला बिघाड, यांपैकी जे आधी घडेल ते. रक्तक्षयाच्या स्त्रियांसाठी आम्ही वेगळी मर्यादा शोधत होतो आणि तिला पुरावा सापडत नव्हता. ही दुहेरी मर्यादा त्यांनाही सामावून घेते, कारण कमी रक्ताच्या स्त्रीची नाडी आधी धावू लागते. संपूर्ण मसुदा पुन्हा लिहावा लागला नाही, एक पान बदलले. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबापेक्षा मोठा झाला तर तो धोका समजायचा, ही खूण सिस्टरांना सर्वांत सोयीची वाटली, कारण तिच्यासाठी भागाकार करावा लागत नाही.

ज्या गर्भवतीचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली आहे, तिचे बाळंतपण आता या प्रसूतिगृहात केले जात नाही. आठव्या महिन्यातच तिला चिठ्ठी देऊन कमलाराजा रुग्णालयात नोंदवले जाते, आणि ती तिथे पोहोचली की नाही हे मेट्रन घरी फोन करून विचारतात. सिझेरियनमधला रक्तस्राव या मसुद्यात नाही. ई-मोटिव्हचा पुरावा योनिमार्गे होणाऱ्या बाळंतपणांपुरता आहे, तेव्हा सिझेरियनसाठीचा पुरावा समिती पुढच्या बैठकीपासून स्वतंत्रपणे वाचणार आहे.